दहाच्या पुढच्या पटीत

"माझं काय बघायचं त्यात? तुमी बघितलंय म्हंजे झालं की," असं म्हणत आमच्या कार्यालयातल्या काकांनी सेवापुस्तकावर, म्हणजे आपल्या नोकरीतल्या सगळ्या नोंदींच्या वहीवर, सही केली, पान उलटूनही पाहिलं नाही, आणि मोजणीची पिशवी खांद्याला लावून ते बाहेर पडले. फेब्रुवारी २०१९ मधली गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले होते, जीप बाहेर उभी होती, आणि गावात दोन भावांच्या बांधाची मोजणी होती. ते गेल्यावर मी सेवापुस्तक मिटून इतरांच्या गठ्ठ्यात ठेवलं. त्या दिवशी मी त्यांना थांबवून पाच मिनिटं बसवलं असतं, तर पुढचे सहा महिने वेगळे गेले असते असं मला अजून वाटतं.

मी सांगली जिल्ह्यात भूमि अभिलेख खात्यात काम करते. २००८ च्या अखेरीस भूकरमापक म्हणून लागले. काही वर्षं साखळी, मोजणीचं टेबल, मग ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणीचं मशीन घेऊन शिवारं तुडवली. २०१६ मध्ये आमच्या तालुक्याच्या कार्यालयात आस्थापनेचं टेबल माझ्याकडे आलं. आस्थापना म्हणजे कर्मचाऱ्यांचे पगार, रजा, वेतनवाढी, बदल्या, पदं आणि सेवापुस्तकं. लोक आमच्याकडे येतात ते मोजणीसाठी, नकाशाच्या नकलेसाठी, मिळकत पत्रिकेसाठी. त्या सगळ्यामागे एक लोखंडी कपाट असतं आणि त्यात आमची स्वतःची सेवापुस्तकं असतात, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही. आमच्या कपाटात तेव्हा एकोणीस होती. उप अधीक्षक साहेबांच्या हाताखालचे शिरस्तेदार, निमतानदार, परिरक्षण भूमापक, भूकरमापक, लिपिक, दप्तरबंद आणि शिपाई.

३० जानेवारी २०१९ ला सुधारित वेतन नियमांची अधिसूचना निघाली. सातवा वेतन आयोग लागू झाला तो १ जानेवारी २०१६ पासून, पण रोखीनं पैसे मिळणार जानेवारी २०१९ च्या पगारापासून. मधल्या छत्तीस महिन्यांची थकबाकी पाच वर्षांत पाच समान हप्त्यांनी. ऑफिसात त्या दिवशी सगळे मोबाइलवर पानं खाली-वर करत होते आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न होता, "मॅडम, माझं किती?"

उत्तर काढायची रीत वरवर सोपी आहे. ३१ डिसेंबर २०१५ ला तुमचं जे मूळ वेतन होतं, म्हणजे पे बँडमधलं वेतन अधिक ग्रेड वेतन, त्याला २.५७ नं गुणायचं. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. १ जानेवारी २०१६ ला महागाई भत्ता १२५ टक्के होता, म्हणजे मूळ आणि भत्ता मिळून सव्वादोन पट, आणि त्यावर साधारण चौदा टक्क्यांची खरी वाढ. गुणाकार आला की वेतन मॅट्रिक्सच्या तक्त्यात आपल्या स्तराच्या उभ्या रकान्यात बोट ठेवायचं. भूकरमापकाचा स्तर एस-६, १९,९०० ते ६३,२००. गुणाकाराइतका आकडा रकान्यात असेल तर तो, नसेल तर त्याच्या लगतचा वरचा. त्या घरात माणूस बसला की पुढे दर वर्षी एक एक घर खाली सरकायचं. पूर्वीसारखी तीन टक्क्यांची आकडेमोड करायची गरज उरली नाही, ती तक्त्यातच करून ठेवली आहे.

सोपं म्हणाले, पण विकल्पात लोक अडकतात. नवीन वेतन १ जानेवारी २०१६ पासूनच घ्यायचं, की पुढच्या वेतनवाढीपर्यंत किंवा पदोन्नतीपर्यंत जुन्यातच राहून मग उडी मारायची, हे कर्मचाऱ्यानं लिहून द्यायचं असतं आणि एकदा दिलेला विकल्प अंतिम. ज्याची पदोन्नती २०१६ मध्येच झाली होती त्याला थांबणं फायद्याचं ठरू शकतं. पण हे कागदावर दोन्ही बाजूंनी मांडून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी प्रत्येकाला दोन दोन तक्ते करून दिले. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते न वाचताच विचारलं, "बाकीच्यांनी काय लिवलंय?" आणि तेच लिहिलं. माझा जीव तुटायचा. गावात एका गुंठ्यासाठी रात्र रात्र नकाशे लावून बसणारी ही माणसं. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट, साखळीचे सोळा आणे, आणि त्यात एका आण्याची तफावत आली तरी ही माणसं पुन्हा पहिल्या दगडापासून मोजायला लागतात. स्वतःच्या पगाराचा तक्ता मात्र दुसऱ्याच्या भरवशावर.

विकल्पाबरोबर हमीपत्रही असतं. वेतननिश्चितीत चूक होऊन जादा पैसे गेले तर ते वसूल करून घ्यायला माझी हरकत नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. त्यावर तर सगळ्यांनी डोळे मिटून सह्या केल्या. मीसुद्धा.

माझं सेवापुस्तक मी शेवटी ठेवलं होतं. आपली वेतननिश्चिती आपणच करू नये असं मला वाटतं, आकड्यांत मन गुंततं. आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी होती, आवक-जावकला. वय चोवीस, गणितात पदवी. तिला म्हटलं, "माझा तक्ता तू कर. मी फक्त बघेन." तिनं कॅल्क्युलेटर घेतला, माझं सेवापुस्तक उघडलं, आणि २.५७ नं गुणण्याऐवजी ती मागे मागे पानं उलटत गेली. मी विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, "ताई, ३१ डिसेंबरचा आकडा बरोबर आहे की नाही ते बघायला नको का?"

हा प्रश्न मी अठरा सेवापुस्तकं संपवताना स्वतःला विचारलाच नव्हता. पहिला आकडा मी गृहीत धरून चालले होते.

अर्ध्या तासानं तिनं पान माझ्यापुढे धरलं. जुलै २०१३ ची वेतनवाढ. तेव्हा मी दुसऱ्या तालुक्याच्या कार्यालयात होते. सहाव्या वेतन आयोगात नियम असा होता की पे बँडमधलं वेतन आणि ग्रेड वेतन यांच्या बेरजेचे तीन टक्के काढायचे आणि ते दहाच्या पुढच्या पटीत पूर्ण करायचे. जवळच्या नाही, पुढच्या. माझी बेरीज होती ८,७२०. तीन टक्के म्हणजे २६१ रुपये ६० पैसे. पुढच्या पटीत २७० व्हायला हवे होते. लिहिणाऱ्यानं शाळेत शिकवतात तसं जवळच्या दहात नेलं आणि २६० लिहिले. ८,९९० च्या जागी ८,९८०. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात, खाली अधिकाऱ्याची सही, त्याखाली माझी सही.

मग आम्ही दोघी एका कोऱ्या कागदावर दोन रांगा मांडून बसलो. डावीकडे चुकलेली, उजवीकडे बरोबर. २०१४ ला डावीकडे ९,२५०, उजवीकडे ९,२६०. २०१५ ला डावीकडे ९,५३०, उजवीकडे ९,५४०. दहा रुपयांचा फरक तसाच चालत आलेला, ना वाढलेला ना मिटलेला. महिन्याला दहा रुपये कुणाच्या लक्षात येणार? मग गुणाकार. ९,५३० गुणिले २.५७ म्हणजे २४,४९२. तक्त्यात लगतचं वरचं घर २४,५००. ९,५४० गुणिले २.५७ म्हणजे २४,५१८. हा आकडा २४,५०० च्या पुढे अठरा रुपयांनी गेला, म्हणून घर बदललं. २५,२००.

दहा रुपयांचे एका रात्रीत सातशे झाले. पुढच्या जुलैपासून आठशे, कारण तक्त्यात खालची घरं आणखी लांब लांब आहेत. जानेवारी २०१६ ते डिसेंबर २०१८ एवढ्यात नुसत्या मूळ वेतनात २८,२०० रुपये. त्यावरचा महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. आणि हे तिथं थांबत नाही. निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला, त्यानंतर निवृत्तीच्या रकमेतही एक घर मागेच राहिले असते.

मला त्या लिहिणाऱ्याचा राग आला नाही. तेव्हा त्या कार्यालयात आस्थापनेला वेगळा माणूसच नव्हता, मोजणीचं काम करून संध्याकाळी उरलेल्या वेळात कुणीतरी नोंदी घ्यायचं. राग आला तो त्या खालच्या माझ्या सहीचा. सहा वर्षं मी ती नोंद माझी म्हणून मान्य करत आले होते.

त्या रात्री मी बाकीची अठरा पुन्हा उघडली. या वेळी पहिल्या पानापासून. आणखी एक पूर्णांकनाची चूक सापडली, पण तिनं घर बदलत नव्हतं. एका शिपायाची वेतनवाढ विनावेतन रजेमुळे पुढे गेली होती आणि नंतर मागे आणायची राहून गेली होती. एका लिपिकाच्या पुस्तकात दोन पानं एकमेकांना चिकटली होती, वाफ देऊन सोडवली. माझी चूक दुरुस्त व्हायला साडेचार महिने लागले. जुन्या कार्यालयाला पत्र, स्मरणपत्र, मग त्यांचं उत्तर की आपल्या स्तरावर दुरुस्ती करावी, मग आमच्या साहेबांचा दुरुस्ती आदेश, लाल शाईत नोंद, सुधारित विवरणपत्र. ते सगळं सांगत बसत नाही. झालं.

पगाराबरोबर पदांचाही घोळ याच महिन्यांत समोर आला. बाहेरच्यांना वाटतं पगार माणसाला मिळतो. सरकारात पगार पदाला मिळतो, माणूस त्या पदावर बसलेला असतो. सेवार्थ प्रणालीत, म्हणजे पगार बिलांच्या संगणकातल्या यंत्रणेत, आधी पद असावं लागतं, त्या पदाचा मंजुरीचा आदेश असावा लागतो, आणि पद अस्थायी असेल तर त्याला मुदतवाढीचा आदेश चालू असावा लागतो. मुदत संपली आणि नवा आदेश वेळेत आला नाही, तर काम करणारा माणूस टेबलावर बसलेला असतो आणि त्याचं बिल कोषागारातून परत येतं. आमच्या एका सहकाऱ्याच्या सेवापुस्तकात पदनाम होतं भूमापन लिपिक, सेवार्थमध्ये भूकरमापक, आणि प्रत्यक्षात तो करत होता दुरुस्तीचं काम. वेतनस्तर एकच, त्यामुळे पगारात पैशाचाही फरक नव्हता आणि म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. पुढे २०२१ ची भरतीच 'भूकरमापक तथा लिपिक' अशी निघाली. पण ज्येष्ठता सूची लागते, पदोन्नतीची वेळ येते, तेव्हा तो नेमका कुठल्या तारखेपासून कुठल्या पदावर होता हे विचारलं जातं. त्याचे नेमणुकीचे मूळ आदेश काढून, तीन बदल्यांचे रुजू अहवाल लावून ते सरळ करावं लागलं.

आकृतिबंधासाठी, म्हणजे कार्यालयाला किती पदं हवीत ते ठरवण्यासाठी, वरून माहिती मागवली जाते तेव्हा रकाने ठरलेले असतात. गावं किती, मोजणीचे अर्ज किती, निकाली किती, मिळकत पत्रिका किती, मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती. मी ते भरते. पण माझं ठाम मत आहे की या रकान्यांत आमच्या कामाचा एक मोठा हिस्सा येतच नाही. सांगली जिल्ह्याचं दप्तर एका घरचं नाही. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती, औंध संस्थानातली गावं होती, बाकीचा भाग जुन्या सातारा जिल्ह्यातला. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. प्रत्येक संस्थानची कागदपत्रं ठेवायची तऱ्हा वेगळी, त्यातलं बरंच मोडी लिपीत. एखाद्या इनामाच्या वादात असा कागद शोधून द्यायला माणसाचे तीन तीन दिवस जातात आणि विवरणपत्रात त्याचा आकडा येतो 'नक्कल अर्ज – १'. पदं ठरवणाऱ्यांनी एकदा दप्तरखान्यात उभं राहून हे पाहावं असं मला मनापासून वाटतं. अभिलेखापालाचं पद रिक्त ठेवून मोजणी यंत्रं वाढवली तर यंत्रानं मोजलेलं ताडून कशाशी पाहायचं?

आता काकांकडे येते.

काका परिरक्षण भूमापक होते. १९८५ ची नेमणूक. ३१ ऑगस्ट २०१९ ला अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त होणार. त्यांचं निवृत्तिवेतनाचं प्रकरण मुंबईला महालेखापालांकडे जाण्याआधी सेवापुस्तक पुण्याच्या वेतन पडताळणी पथकाकडून तपासून यावं लागतं. मी ते पाठवलं आणि जूनमध्ये ते आक्षेपासह परत आलं. पथकाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की संगणक अर्हता परीक्षा मुदतीत उत्तीर्ण झाल्याची नोंद सेवापुस्तकात आढळत नाही, तेव्हा १ जानेवारी २००८ पासूनच्या वेतनवाढींबाबत खुलासा करावा.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कर्मचाऱ्यांनी ३१ डिसेंबर २००७ पर्यंत एमएस-सीआयटी किंवा तिच्या तोडीची परीक्षा उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं होतं. नाही झालात तर पुढच्या वेतनवाढी रोखायच्या. पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट होती. काका १९६१ चे, तेव्हा सेहेचाळीस. सूट लागू नाही. नोंद नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे अकरा वर्षांच्या वेतनवाढी चुकीच्या, म्हणजे सातव्या आयोगाची निश्चिती चुकीची, म्हणजे जादा गेलेल्या रकमेची वसुली. २ मार्च २०१९ च्या शासन निर्णयानं दहा, वीस, तीस वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनस्तराचे तीन लाभ देऊ केले होते, त्यातला तिसरा त्यांचा होणार होता. तोही याच धाग्यावर लटकला.

काकांना बोलावून सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवो, मी पास हाय की! दोन हजार सहाला. तवा पोरांच्यात बसून माउस धरायला शिकलोय. सर्टिफिकेट आलंवतं. मी हापिसात दिलंवतं."

"झेरॉक्स आहे का?"

"घरी माळ्यावर आसंल. ट्रंकंत."

त्यांची मोजण्या उरकायची घाई सुरू होती, निवृत्तीआधी एकही प्रकरण मागे ठेवायचं नव्हतं. रविवारी बघतो, पुढच्या रविवारी बघतो असं करता करता जुलै गेला. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा आली.

२०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, आणि आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. काकांचं घर पलूस तालुक्यात नदीकाठी. सगळ्यांना बोटीतून बाहेर काढलं, जनावरं आधीच हलवली होती म्हणून वाचली. पाणी माळ्यापर्यंत गेलं. आठ दिवसांनी ते परत गेले तेव्हा ट्रंक होती, पण तिच्यातला कागद कणकेच्या गोळ्यासारखा झाला होता. त्यांनी त्यातला एक तुकडा रुमालात बांधून ऑफिसात आणला. माझ्या टेबलावर उघडून ठेवला. राखाडी लगदा, त्यात कुठेतरी जांभळ्या शिक्क्याची शाई उतरलेली. "ह्यात आसंल," म्हणाले.

निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. घराची एक भिंत बसली होती, आणि ती उभी करायला उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, रक्कम लागणार होती. त्यांनी मला विचारलं, "पोरी, वसुली निघंल का?" मी त्यांना खरं ते सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा निकाल आहे, पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसिह. गट क आणि ड च्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून आणि वर्षाच्या आत निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये असं त्यात म्हटलंय. पण २०१६ मध्ये आणखी एक निकाल आला, की ज्यानं आधी हमीपत्र दिलंय त्याला ती बाजू तशी लावता येत नाही. ते प्रकरण वरच्या अधिकाऱ्याचं होतं, आपलं गट क चं, तेव्हा भांडायला जागा आहे. पण भांडायला दोन वर्षं जातील. त्यापेक्षा कागद शोधू.

ते २००६ ला ज्या कार्यालयात होते तो तालुका जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. सांगली बुडत होती तेव्हा तिथं टँकर चालू होते. साहेबांची परवानगी घेऊन मी आणि ती आवक-जावकवाली मुलगी एका शुक्रवारी एसटीनं गेलो. विचार साधा होता. प्रमाणपत्र हरवेल, नोंद राहून जाईल, पण कार्यालयातून बाहेर गेलेलं पत्र जावक नोंदवहीत असतंच. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची यादी कधीतरी जिल्ह्याला गेलीच असणार.

तिथला दप्तरबंद साठीकडे झुकलेला कंत्राटी माणूस. त्यानं विचारलं, कुठलं साल? २००६ आणि २००७ म्हटल्यावर त्यानं शिडी लावून वरच्या फळीवरून दोन वह्या काढल्या आणि फडक्यानं पुसून आमच्यापुढे ठेवल्या. दप्तरखाना कोरडा ठणठणीत. कागदाला धुळीचा आणि डांबरगोळ्यांचा वास. आम्ही दोघी पान पान बोटानं उतरत गेलो. मोजणी नोटीस, मोजणी नोटीस, नकाशा दुरुस्ती, मोजणी नोटीस, पगार बिल. दुपारी अडीचच्या सुमारास ती म्हणाली, "ताई, हे बघा." फेब्रुवारी २००७. विषयाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'संगणक अर्हता उत्तीर्ण कर्मचारी – माहिती सादर'. सोबत सहपत्रे ७.

पत्र सापडलं म्हणजे संचिका सापडली असं नसतं. आस्थापनेच्या संकीर्ण संचिका लाल रुमालांत बांधलेल्या होत्या, त्यांवरची चिठ्ठी गळून गेलेली. सहावा रुमाल सोडला तेव्हा त्यात कार्यालयीन प्रत मिळाली आणि तिच्यामागे टाचणीनं लावलेल्या सात छायांकित प्रती. तिसरी काकांची. तंत्र शिक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, आसन क्रमांक, टक्के, आणि खाली त्या वेळच्या अधिकाऱ्याची 'सत्यप्रत' म्हणून सही. टाचणीचा गंज कागदावर उतरला होता, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. सातांपैकी चौघांच्या सेवापुस्तकात नंतर नोंद घेतली गेली असावी. कुणीतरी अर्धवट उठून गेलं असेल, बदली झाली असेल. कारण आता कळणार नाही.

मी काकांना तिथूनच फोन लावला. ते भिंतीचा चिखल काढत होते. मी क्रमांक वाचून दाखवला. ते म्हणाले, "पुन्ना वाचा." मी पुन्हा वाचला.

त्या कार्यालयानं साक्षांकित प्रत दिली. आमच्याकडे नोंद घेतली, मागची तारीख न टाकता त्या दिवसाचीच टाकली, आणि कशाच्या आधारे घेतली तेही पत्राच्या क्रमांकासह लिहिलं. हे महत्त्वाचं आहे. मागच्या तारखेनं गुपचूप नोंद घुसवण्याचा मोह होतो, आणि पथकाला शाईवरून ते कळतं. मग खरीही नोंद खोटी ठरते. अनुपालनाचा अहवाल तयार केला आणि टपालावर न सोडता मी स्वतः पुण्याला गेले. पहाटेच्या एसटीनं, सेवापुस्तक प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, स्वारगेटपर्यंत मांडीवर. पथकातल्या लेखा अधिकारी बाईंनी जावक नोंदवहीच्या पानाची प्रत बघितली, सत्यप्रतीवरची सही बघितली, २००८ पासूनची एक एक वेतनवाढ पुन्हा मोजली. मीच चूक केलीय की काय अशा धास्तीनं मी समोर उभी. चाळीस मिनिटांनी त्यांनी शिक्का उचलला.

काका ३१ ऑगस्टला निवृत्त झाले, तेव्हा शिक्का पडलेला नव्हता. तो पडला सप्टेंबरच्या मध्यावर. निरोप समारंभात त्यांनी नारळ आणि शाल घेतली, बोलले काहीच नाहीत. प्रकरण मुंबईला गेलं, आणि मंजुरीचे आदेश डिसेंबरात आले. सोबत सेवापुस्तकही परत आलं.

ते आदेशाची प्रत न्यायला आले त्या दिवशी कार्यालयात गर्दी नव्हती. भिंत झाली का विचारलं, तर म्हणाले गिलावा राहिलाय. मी प्रत दिली. ते उठले नाहीत. कपाटाकडे बघत म्हणाले, "ते पुस्तक जरा बघू?"

मी त्यांना खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलं. पहिल्या पानावर त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांचे ठसे होते, १९८५ चे, आणि उंची, आणि शरीरावरची खूण म्हणून कपाळावरचा व्रण. त्यांनी आपला अंगठा त्या ठशाशेजारी नेऊन ठेवला. मग मोजणीचं क्षेत्रबुक वाचतात तसं, डाव्या हाताची तर्जनी ओळीखाली धरून वाचायला लागले. मधेच एखाद्या गावाचं नाव आलं की थांबायचे. दोनदा त्यांनी मला कॅल्क्युलेटर मागितला. तीन टक्के काढून दहाच्या पुढच्या पटीत नेऊन बघितले, मान हलवली, पुढं गेले. दीड तास लागला. चहा तसाच गार झाला.

शेवटच्या पानावरचा पथकाचा शिक्का वाचून त्यांनी चष्मा काढला.

"जावई जिल्हा परिषदेत हाय," ते म्हणाले. "त्येच्याकडं त्येच्या पुस्तकाची दुय्यम प्रत आसंल न्हवं? बुधवारी घिऊन येऊ का?"

मी म्हटलं, "आणा. आणि त्यांनाही घेऊन या."